दोन मिलिमीटर, तीस ग्रॅम: निकॉन झेड मालिकेतल्या एका कार्ड स्लॉटचं प्रकरण

निकॉनने २३ ऑगस्ट २०१८ रोजी झेड ६ आणि झेड ७ हे आपले पहिले फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचे) मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे जाहीर केले, तेव्हा कौतुक करण्यासारखं बरंच काही होतं. लेन्स बसवण्याचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला होता. आता त्याच्या शेजारी ५५ मिलिमीटर व्यासाचा, सेन्सरपासून फक्त १६ मिलिमीटरवर बसणारा नवा झेड माउंट आला. बॉडीतच पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन होतं, व्ह्यूफाइंडर स्वच्छ होता, पकड हातात नीट बसत होती. पण लग्नं, परिषदा, सामने, बातम्या यांवर ज्यांचं पोट आहे त्यांची नजर तपशिलांच्या यादीत एका साध्या ओळीवर अडली. मेमरी कार्ड: एक्सक्यूडी. स्लॉट: एक.

पुढच्या दोन आठवड्यांत, ५ सप्टेंबरला, कॅननने ईओएस आर जाहीर केला. त्यातही एकच स्लॉट, एसडी कार्डाचा. डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, बाजारातल्या दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांनी मिररलेसकडे वळताना एकाच वेळी हीच गोष्ट गाळली होती.

कॅमेरा कंपन्यांकडून काय हवं, हे विचारलं तर काम करणारा फोटोग्राफर मोठी यादी देईल. बॅटरी दिवसभर टिकावी, मेन्यू सरळ असावेत, फोटो कॅमेऱ्यातून पटकन बाहेर पाठवता यावेत, दुरुस्ती लवकर व्हावी. त्या यादीतून मी हे एकच प्रकरण निवडलं, कारण याची सुरुवात, मधला काळ आणि शेवट, तिन्ही उघड नोंदींत आहेत. मागणी काय होती, ती का नाकारली गेली, ती पूर्ण करायला खरोखर किती जागा आणि किती वजन लागलं, हे इथे मोजून दाखवता येतं. बाकीच्या बहुतेक मागण्यांवर आपण फक्त वाद घालू शकतो.

मागणी नेमकी काय होती

दोन स्लॉट असलेल्या कॅमेऱ्यात दुसरं कार्ड साधारण तीन प्रकारे वापरता येतं. पहिलं भरलं की पुढचे फोटो दुसऱ्यावर जातात, हा ओव्हरफ्लो. रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) एका कार्डावर आणि जेपेग (तयार, लहान फाइल) दुसऱ्यावर, ही विभागणी. आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर, हा बॅकअप. व्यावसायिक फोटोग्राफर दुसऱ्या स्लॉटचा आग्रह धरतो तो मुख्यतः या तिसऱ्या वापरासाठी.

फ्लॅश मेमरी सहसा पूर्वसूचना देऊन मरत नाही. हार्ड डिस्क कधीकधी आवाज करते, मंदावते, निदान संशय तरी येतो. कार्डाचा कंट्रोलर गेला तर सकाळी चालणारं कार्ड संध्याकाळी रीडरला दिसतही नाही. फाइल सिस्टिम बिघडली असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत मिळतं. पण कंट्रोलरच गेला असेल तर प्रकरण प्रयोगशाळेपर्यंत जातं आणि तिथूनही रिकाम्या हाताने परतावं लागू शकतं. एसडी कार्डाचं प्लास्टिक पातळ असतं, फटीतून उकलतं, लॉकची बारीक पट्टी निघून येते. जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅशच्या काळात कॅमेऱ्यातल्या पन्नास पिनांपैकी एखादी वाकली की काम थांबायचं. यातलं काहीच रोज घडत नाही. चांगल्या कार्डांच्या बाबतीत तर कित्येक वर्षं घडत नाही. पण ज्या दिवशी घडतं त्या दिवसाचं काम पुन्हा करता येत नाही. सामन्याचा निर्णायक क्षण पुन्हा खेळला जात नाही, आणि लग्नातले आजोबा पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. फिल्मच्या काळात कुठे होता बॅकअप? शिवाय २००८ मध्ये आलेल्या निकॉन डी७०० ला आणि कॅनन ५डी मार्क टूला एकच कॉम्पॅक्टफ्लॅश स्लॉट होता, आणि त्या कॅमेऱ्यांवर कितीतरी जणांनी व्यवसाय उभे केले. हे खरं आहे. पण फिल्मच्या एका रोलवर छत्तीस फोटो असायचे. रोल धुताना बिघडला तर छत्तीस फोटो गेले, बाकीचे रोल वेगळे होते. नुकसानाला आपोआप मर्यादा पडायची. आज १२८ गिगाबाइटच्या एका कार्डावर अख्खा समारंभ मावतो, म्हणजे धोक्याची शक्यता कमी झाली तरी एका फटक्यात जाणारी रक्कम कितीतरी पटीने वाढली. ५डी मार्क टूच्या काळातले फोटोग्राफर हे जाणून होते. म्हणूनच ते लहान कार्डं वापरत आणि सारखी बदलत. त्या बदलण्यात कार्ड पडणं, हरवणं, भरलेलं कार्ड चुकून पुन्हा फॉरमॅट होणं हे धोके आलेच.

दुसरा स्लॉट कशापासून वाचवत नाही, हेही सांगायला हवं. कॅमेरा चोरीला गेला, पाण्यात पडला, तर दोन्ही कार्डं सोबत जातात. बफरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीतून, कार्डावर उतरण्याआधी बॅटरी निघाली तर फोटो कुठेच नसतो. चुकीची सेटिंग ठेवून काढलेला फोटो दोन ठिकाणी चुकीचाच राहतो. बॅकअप एकाच गोष्टीचा विमा आहे, कार्डाच्या बिघाडाचा. तेवढ्यापुरता तो पक्का आहे, आणि समारंभ संपल्यावर दोन कार्डं दोन वेगळ्या खिशांत ठेवली तर प्रवासातल्या हरवण्यालाही तो पुरतो.

म्हणूनच निकॉनच्या बाबतीत हा निर्णय जास्त टोचला. याच कंपनीचा २००७ चा डी३ दोन कॉम्पॅक्टफ्लॅश स्लॉटसह आला होता. २०१४ च्या डी७५० ला दोन एसडी स्लॉट होते, २०१७ च्या डी८५० ला एक एक्सक्यूडी आणि एक एसडी. या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्यांच्या अंगात बॅकअपची सवय मुरली होती. कितीतरी जणांनी आपल्या ग्राहकांना तसं सांगितलंही होतं की तुमचे फोटो काढतानाच दोन ठिकाणी जमा होतात. नवा कॅमेरा घ्यायचा तर हे वाक्य मागे घ्यावं लागणार होतं.

कंपनीची बाजू

या निर्णयाच्या बाजूने मुख्यतः दोन कारणं मांडली गेली: बॉडीचा आकार आणि एक्सक्यूडी कार्डाची मजबुती. दोन्हींत तथ्य आहे.

आकाराचं पाहू. झेड ७ ची मापं १३४ × १००.५ × ६७.५ मिलिमीटर, बॅटरी आणि कार्डाशिवाय वजन ५८५ ग्रॅम. डी८५० याच मोजणीने ९१५ ग्रॅम भरतो. मिररलेस घेण्याचं एक मोठं कारण म्हणजे हलकेपणा, आणि बॉडीच्या उजव्या बाजूला, पकडीच्या मागे, कार्डाची चौकट, तिचं दार, जोडणीचे संपर्क आणि उष्णता बाहेर काढण्याची सोय हे सगळं बसवायचं असतं. एक्सक्यूडी कार्ड ३८.५ × २९.८ × ३.८ मिलिमीटरचं, म्हणजे एसडीपेक्षा प्रत्येक बाजूने मोठं. दोन एक्सक्यूडी बसवणं त्या बॉडीत अवघड होतं, यावर मी विश्वास ठेवतो.

मजबुतीचंही बरोबर आहे. एक्सक्यूडी जाड, कडक, पिना आत दडवलेलं कार्ड आहे. कॉम्पॅक्टफ्लॅश असोसिएशनने २०११ च्या अखेरीस ते जाहीर केलं आणि निकॉनने २०१२ च्या डी४ मध्ये लगेच स्वीकारलं. एसडीच्या तुलनेत ते निश्चितच भरवशाचं आहे. पण ‘कार्ड चांगलं आहे म्हणून एक पुरे’ हा युक्तिवाद ज्या माणसाला विकला जात होता, त्याला कमी बिघडणारं कार्ड हवंच होतं. त्यावर एक कार्ड बिघडलं तरी काम वाचेल अशी रचनाही हवी होती. विश्वासार्हता वाढवणं आणि पर्यायी मार्ग ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाचं इंजिन कितीही सुधारलं तरी दुसरं इंजिन काढून टाकत नाहीत.

शिवाय कार्डाच्या निवडीने एक व्यावहारिक अडचण वाढवली. लेक्सार हा एक्सक्यूडी बनवणारा दुसरा मोठा ब्रँड होता. त्याची मालक कंपनी मायक्रॉनने २०१७ च्या जूनमध्ये तो व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि झेड मालिका बाजारात आली तेव्हा एक्सक्यूडी म्हणजे जवळपास सोनीची कार्डं अशी स्थिती होती. समारंभात कार्ड बिघडलं तर शेजारच्या फोटोग्राफरकडून एसडी उसनं मिळतं. एक्सक्यूडी मिळण्याची शक्यता फार कमी. एकच स्लॉट, आणि त्यात सहज न मिळणारं कार्ड. दोन अडचणी एकमेकींवर चढल्या.

सर्वांत मोठी उणीव मला युक्तिवादाच्या मुळात दिसते. झेड ७ हे ४५.७ मेगापिक्सेलचं, कंपनीच्या तेव्हाच्या मिररलेस यादीतलं सर्वांत वरचं मॉडेल होतं. ते हौशी प्रवाशासाठी होतं असं म्हणावं तर त्याची किंमत आणि क्षमता तसं सांगत नव्हती. ते व्यावसायिकासाठी होतं असं म्हणावं तर स्लॉट तसं सांगत नव्हता.

सोनीचा धडा समोर होता

ही चूक कोणी आधी केली नव्हती असंही नाही. सोनीचा पहिला ए७ (२०१३) आणि नंतरचे ए७ टू आणि ए७आर टू एकाच स्लॉटचे होते. तेव्हाही हीच तक्रार होती, आणि बॅटरीचीही. सोनीने एप्रिल २०१७ मध्ये ए९ आणला तेव्हा दोन स्लॉट आणि मोठी बॅटरी दोन्ही दिलं. मग ए७आर थ्री, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ए७ थ्री. निकॉनचा कॅमेरा जाहीर झाला त्याच्या सहा महिने आधी दोन एसडी स्लॉटचा, फुल-फ्रेम, मध्यम किमतीच्या गटातला मिररलेस जाहीर झाला होता. त्याचा दुसरा स्लॉट मंद होता, तो मुद्दा पुढे येईल. पण मागणी ऐकली गेली होती आणि त्याचा फायदाही दिसत होता.

बॅटरीचा उल्लेख मुद्दाम केला. सीपा या जपानी कॅमेरा उद्योगसंघटनेच्या मोजणीत झेड ७ एका चार्जवर ३३० फोटो देतो, झेड ६ ३१०, ईओएस आर ३७०, तर ए७ थ्री व्ह्यूफाइंडर वापरूनही ६१०. प्रत्यक्षात यापेक्षा बरेच जास्त फोटो निघतात, कारण ती मोजणी कडक आहे. तरी कॅमेऱ्यांमधली तुलना खरीच राहते. एका स्लॉटवर उपाय म्हणून जे सुचवलं जात होतं, ते नेमकं याच बॅटरीवर येऊन आदळत होतं.

सुचवलं जाणारं असं: वाय-फायने फोटो फोनवर पाठवत राहा, तोच तुमचा बॅकअप. पण फोनवर आपोआप जाणाऱ्या प्रती सहसा दोन मेगापिक्सेलच्या. त्यातून अल्बम होत नाही. पूर्ण रॉ पाठवायची तर एकेक फाइल सुमारे ५० मेगाबाइटची, आणि हजारभर फोटोंच्या दिवशी ते हवेतून पाठवत बसणं कोणाच्याच आवाक्यात नव्हतं. पाठवलं तर बॅटरी लवकर संपणार. दुसरा सल्ला होता दोन बॉडी वापरा. दोन बॉडी बहुतेक जण वापरतातच, पण एकीवर पस्तीस आणि दुसरीवर पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स असते. एका बॉडीतले फोटो दुसरीत नसतात. कार्ड गेलं तर अर्धा दिवस वाचला, एवढंच समाधान. तिसरा सल्ला, दर तासाला कार्ड बदला. तो जुनाच मार्ग आहे, आणि गर्दीत, घाईत, अंधारात तो किती सुरक्षित आहे हे करणाऱ्याला माहीत.

फर्मवेअर जिथे थांबतं

मला या प्रकरणाचा गाभा इथे वाटतो. झेड ६ आणि झेड ७ वर सुरुवातीला आणखीही टीका झाली आणि तिच्यातली बरीचशी निकॉनने मनापासून ऐकली. डोळ्यावर फोकस धरण्याची सोय पहिल्या दिवशी नव्हती. मे २०१९ च्या फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) २.०० ने ती आली. सीएफएक्सप्रेस हे एक्सक्यूडीनंतरचं, जास्त वेगवान कार्ड चालत नव्हतं. ते आकाराने एक्सक्यूडीसारखंच असल्याने डिसेंबर २०१९ मध्ये फर्मवेअरनेच चालू झालं, आणि कार्डाच्या तुटवड्याचा प्रश्नही त्यामुळे बराच सुटला. फेब्रुवारी २०२० च्या ३.०० ने प्राण्यांच्या डोळ्यांवर फोकस धरता येऊ लागला. कॅमेरा विकत घेतल्यावर दीड वर्षाने तो घेतला होता त्यापेक्षा चांगला झाला, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत. याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण फर्मवेअरने स्लॉट उगवत नाही.

याच जातीचं दुसरं उदाहरण याच कॅमेऱ्यांत आहे. उभे फोटो सतत काढणारे लोक बॅटरी ग्रिप मागत होते. ती आली, एमबी-एन१० नावाने. दोन बॅटऱ्या घेणारी, पण शटरचं बटण नसलेली, डायल नसलेली. कारण सरळ होतं: झेड ६ आणि झेड ७ च्या तळाला ग्रिपवरच्या बटणांचे संदेश आत नेणारे विद्युत संपर्कच ठेवलेले नव्हते. त्यामुळे पकड उभी मिळाली, पण बोट पुन्हा आडव्या शटरकडेच वळवावं लागे. तळाला थोडे संपर्क ठेवायचं राहिलं, आणि त्यानंतर कोणी कितीही पत्रं लिहिली तरी त्या बॉडीसाठी खरी ग्रिप बनणं शक्य नव्हतं.

म्हणून काम करणारे फोटोग्राफर कंपन्यांकडे जे मागतात त्याचे दोन ढीग करायला हवेत. एका ढिगात मेन्यू, फोकसचे प्रकार, बटणांची कामं, फाइलींची नावं. हे उशिरा दिलं तरी चालतं, कारण विकलेल्या कॅमेऱ्यापर्यंत ते पोचवता येतं. दुसऱ्या ढिगात स्लॉट, संपर्क, बॅटरीचा आकार, पोर्टांची जागा, बटणांची संख्या. हे पहिल्या दिवशी चुकलं की त्या बॉडीच्या आयुष्यभरासाठी चुकलं. दुसऱ्या ढिगातल्या गोष्टी आराखडा पक्का होण्याआधी विचारायला हव्यात, आणि त्या अशा माणसांना विचारायला हव्यात ज्यांना कॅमेरा उसना मिळत नाही, जे तो स्वतःच्या पैशांनी घेतात आणि ग्राहकाला उत्तर देतात. नव्या कॅमेऱ्यासोबत सुंदर डोंगर टिपायला पाठवलेल्या छायाचित्रकाराला दुसऱ्या स्लॉटची उणीव भासणार नाही. डोंगर उद्याही तिथेच असतो.

दुसरी आवृत्ती

जुलै २०२० मध्ये निकॉनने झेड ५ आणला, फुल-फ्रेममधला सर्वांत स्वस्त झेड. त्याला दोन एसडी स्लॉट होते, दोन्ही यूएचएस-टू, म्हणजे एसडीच्या वेगवान प्रकाराचे. वरच्या वर्गाला नाकारलेली गोष्ट खालच्या वर्गाला पहिल्यांदा मिळाली, हे पाहून झेड ७ च्या मालकांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. खर्च परवडत नव्हता, अशी कोणाची समजूत असेल तर तिच्यातलं वजन त्या दिवशी गेलं.

१४ ऑक्टोबर २०२० रोजी झेड ६ टू आणि झेड ७ टू आले. एक सीएफएक्सप्रेस टाइप बी किंवा एक्सक्यूडीसाठीचा स्लॉट, एक यूएचएस-टू एसडीचा. तळाला संपर्क, आणि एमबी-एन११ ही बटणं, डायल असलेली ग्रिप. एकाऐवजी दोन एक्स्पीड ६ प्रोसेसर, त्यामुळे मोठा बफर. बदलांची ती यादी म्हणजे दोन वर्षांच्या तक्रारींची यादीच होती, जवळजवळ क्रमाने.

आता मापं. नवी बॉडी १३४ × १००.५ × ६९.५ मिलिमीटर. वजन ६१५ ग्रॅम. रुंदी तीच, उंची तीच. जाडी दोन मिलिमीटरने वाढली आणि वजन तीस ग्रॅमने. आणि त्या तीस ग्रॅमांत फक्त स्लॉट नाही, इतर बदलही आहेत. ज्या आकाराच्या नावाने व्यावसायिकाचा विमा काढून घेतला होता, त्या आकाराची खरी किंमत एवढी होती. झेड ५ ची जाडीही ६९.५ मिलिमीटरच होती. जाडीतला दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही, आणि लेन्स लावलेल्या कॅमेऱ्यावर तीस ग्रॅम कोणाच्या मनगटाला जाणवत नाहीत.

कॅननचाही प्रवास साधारण असाच झाला. जुलै २०२० मध्ये ईओएस आर५ आणि आर६ दोन-दोन स्लॉटसह आले, आणि ईओएस आर वरची ती स्पर्शाने चालणारी पट्टी, जी अनेकांनी पहिल्या आठवड्यात बंद करून ठेवली, तीही नव्या बॉडींवर नव्हती.

यात कोणाचं काय गेलं? कंपनीला दुसरी आवृत्ती विकता आली. पहिली आवृत्ती घेतलेल्याला ती पडत्या भावात विकून नवी घ्यावी लागली, किंवा एका स्लॉटवर काम चालू ठेवावं लागलं. अनेकांनी झेड घेतलाच नाही. डी७५० आणि डी८५० वर थांबले, आणि काही जण तेवढ्यात सोनीकडे गेले. असं गेलेलं माणूस परत येणं अवघड असतं, कारण तो लेन्स विकून गेलेला असतो. याचा आकडा माझ्याकडे नाही आणि मी तो मांडणारही नाही, पण व्यवसायातल्या कोणालाही हे नवं वाटणार नाही.

अर्धी राहिलेली मागणी

झेड ६ टू आल्यावर वाद मिटला असं बऱ्याच जणांनी धरलं. माझ्या मते मागणी अर्धीच पुरी झाली होती.

बॅकअपमध्ये प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरल्याशिवाय बफरमधून सुटत नाही. म्हणजे कॅमेऱ्याचा वेग मंद कार्ड ठरवतं. सीएफएक्सप्रेस २.० टाइप बी च्या मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे २ गिगाबाइट, यूएचएस-टू एसडीची ३१२ मेगाबाइट, यूएचएस-वनची १०४. झेड ७ टूची रॉ फाइल सुमारे ५० मेगाबाइट धरली आणि चांगलं एसडी कार्ड सेकंदाला २५० मेगाबाइटने लिहितं असं मानलं, तर बफर भरल्यावर सेकंदाला जेमतेम पाच फोटो बाहेर पडतात. कॅमेरा दहा काढू शकतो. शेजारच्या स्लॉटमधलं महागडं, वेगवान कार्ड या काळात बहुतांश वेळ वाट पाहत असतं. हेच डी८५० वर होत होतं, हेच आर५ वर होतं. ए७ थ्रीच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये तर यूएचएस-वनच चालतं, म्हणजे बॅकअप चालू केला की पहिल्या स्लॉटचा यूएचएस-टू असण्याचा फायदा फारसा उरत नाही.

मग फोटोग्राफर तडजोड करतो: रॉ वेगवान कार्डावर, छोटं जेपेग मंद कार्डावर. वेग राहतो. पण मूळ कार्ड गेलं तर हातात उरतात जेपेग, ज्यांच्यात मिश्र प्रकाशातला त्वचेचा रंग सावरायला फारशी जागा नसते. विमा आहे, अर्ध्या रकमेचा. शिवाय दोन प्रकारची कार्डं, दोन रीडर, दोन वेगळ्या डब्या सांभाळायच्या. आणि घाईत ‘दुसरं कार्ड घे’ म्हटल्यावर मदतनीसाने कोणतं द्यायचं, हा गोंधळ.

हे सुटू शकतं, आणि सुटलेलंही आहे. निकॉनच्याच झेड ९ ला (ऑक्टोबर २०२१) दोन सीएफएक्सप्रेस टाइप बी स्लॉट आहेत, पूर्ण सारखे. सोनीच्या ए७एस थ्रीमध्ये (जुलै २०२०) दोन्ही स्लॉट टाइप ए सीएफएक्सप्रेस आणि एसडी, दोन्ही घेतात; घेणाऱ्याने काय वापरायचं ते ठरवायचं. ही दुसरी रचना मला सर्वांत समजूतदार वाटते, कारण आज एसडी वापरणारा उद्या त्याच बॉडीत पुढे जाऊ शकतो, आणि अडचणीच्या वेळी उसनं एसडीही चालतं. पण मे २०२३ मध्ये आलेला झेड ८, जो आतून बराचसा झेड ९ आहे, पुन्हा एक टाइप बी आणि एक एसडी घेऊन आला. त्याच वर्षीच्या झेड एफ मध्ये एसडीच्या जोडीला मायक्रोएसडी आहे, बॅटरीच्या कप्प्यात. तपशिलाच्या पानावर दोघांपुढेही ‘दोन स्लॉट’ असं लिहिता येतं, आणि ते खोटं नाही. नखाएवढं मायक्रोएसडी अंधारात, हातमोजे घालून, ट्रायपॉडवरचा कॅमेरा काढून बदलायचं आहे, हे त्या ओळीत येत नाही.

म्हणून २०१८ ची मागणी आज नव्याने, जास्त नेमक्या शब्दांत मांडावी लागते. स्लॉट दोन, आणि दोन्ही एकाच वेगाचे. कार्डाचं दार बाजूला, बॅटरीपासून वेगळं, कॅमेरा ट्रायपॉडवर असतानाही उघडणारं. बॅकअप चालू असताना एका कार्डाने साथ सोडली तर व्ह्यूफाइंडरमध्ये ते ठसठशीत दिसावं, कोपऱ्यातल्या बारीक चिन्हाने नव्हे. आणि काम थांबवायचं की उरलेल्या एका कार्डावर चालू ठेवायचं, याचा निर्णय फोटोग्राफरला आधीच मेन्यूत ठरवून ठेवता यावा. काही कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही शटर चालतं, दुकानातल्या प्रात्यक्षिकासाठी. ती सोय विकत घेतलेल्या कॅमेऱ्यात मुळातच बंद असावी. यातला शेवटचा आणि मधला भाग फर्मवेअरचा आहे, म्हणजे आज विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांनाही तो देता येईल.

आणखी एक गोष्ट, जिला एक ग्रॅमही लागत नाही. कंपन्या सेकंदाला किती फोटो आणि बफर किती, हे आकडे एका वेगवान कार्डावर मोजून छापतात. त्यांच्या शेजारी दुसरी ओळ छापावी: दोन्ही स्लॉटमध्ये शिफारस केलेली कार्डं, पूर्ण रॉ, बॅकअप चालू, बफर किती फोटोंनंतर भरतो आणि भरल्यावर सेकंदाला किती फोटो निघत राहतात. हा आकडा कंपनीच्या प्रयोगशाळेत आजही मोजला जात असणार. तो छापला गेला, तर मंद दुसरा स्लॉट लावणाऱ्या आराखड्याला विक्रीच्या पानावरच उत्तर द्यावं लागेल, आणि कॅमेरा घेणाऱ्याला तो कळण्यासाठी पहिल्या मोठ्या समारंभाची वाट पाहावी लागणार नाही.